पत्रिका जुळली होती

६ एप्रिल, सोमवार

ईश्वरीची सोयरीक मोडली. दुजोरा खुद्द मुलीच्या बापाचा — म्हणजे आमच्या व्यंकटदादाचा. दुपारी फोनवर, एका दमात. "मोडली, मंजू. तुझ्या त्या लसीनं मोडली."

तुझ्या त्या लसीनं! जशी काही मी माहेरच्या विहिरीत विष कालवून आले.

फोन ठेवला आणि पाणीटंचाईची बातमी पुरी करून पाठवली. इतक्या वर्षांच्या नोकरीनं एवढं शिकवलंय — आधी पान, मग बाकी सगळं. आता पान गेलं. आता चिडते.

सुपारी माघात फुटली होती. मुलगा मानवतचा, हरिओम. घरचं अडत दुकान, शिकलेला, बोलायला नीट. लग्न अधिक महिना लागायच्या आत धरलेलं. ईश्वरी माझ्याकडे परभणीत राहून बी.एस्सी. करते, शेवटचं वर्ष. लसीसाठी डॉक्टरकडे तिला मीच नेलं. पहिला डोस डिसेंबरात, दुसरा फेब्रुवारीत, तिसरा जूनमध्ये आहे. दादाला विचारूनच. तेव्हा म्हणाला होता, "कॅन्सरची हाय न्हवं? द्या की मग. चांगलंच हाय."

चांगलंच होतं. आता वाईट झालं. लस तीच!

ईश्वरी संध्याकाळी आली. तिला आधीच माहीत होतं. डबा घासला, पालथा घातला आणि म्हणाली, "आत्या, बाबांना बोलू नकोस हं काही." मी कुणाला बोलत नाही. ऑफिसात माझी ख्यातीच ती आहे — मंजुषाताईंचा आवाज चढत नाही. चढत नाही म्हणून तर ही वही.

७ एप्रिल

दिवसभर एकच शब्द डोक्यात. "तसली." दादा फोनवर म्हणाला, मानवतवाल्यांनी मोबाइलवर वाचलं म्हणे की ही तसल्या आजारावरची लस आहे. कसल्या? बोला ना पुढं!

मीच बोलते. एचपीव्ही नावाचा विषाणू. शरीरसंबंधातून पसरतो. इतका पसरलेला की बहुतेक बायकापुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतोच, आणि बहुतेकांच्या अंगातून त्यांना न कळता निघूनही जातो. काही बायकांच्या अंगात मात्र टिकून राहतो, आणि पुष्कळ वर्षांनी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो. लस घ्यायची ती विषाणूची गाठ पडायच्या आधी. म्हणजे संबंध यायच्या आधी. म्हणजे लग्नाच्या आधी! लग्नाआधी घ्यायची म्हणून जी लस काढली, ती लग्नाआधी घेतली म्हणून लग्न मोडतं.

हे सगळं मी आमच्याच पेपरात दोनदा लिहिलंय. दादा पेपर घेतो. पहिल्यांदा बाजारभाव वाचतो.

८ एप्रिल

आज मानवतला मोडती बैठक झाली. दादा परतताना माझ्याकडे चहाला थांबला. साड्या, नारळ, अंगठी — ज्याचं त्याला परत. मग दोन्हीकडच्या पुरुषमंडळींनी बसून ठरवलं की लोकांना काय सांगायचं. सोयरीक मोडली की कारण एकच सांगायचं, दोन्ही घरांनी तेच. आमच्याकडची जुनी रीत. भांडलेले दोन पुढारी मिळून एक पत्रक काढतात, तसं.

कारण ठरलं : पत्रिका जुळली नाही.

आणि ते फुटू नये म्हणून सगळ्यांनी खंडोबाचा बेलभंडारा उचलला. दादानं, त्याच्या चुलत भावांनी, हरिओमच्या बापानं, मामानं. शब्द फिरवेल त्याला देव बघून घेईल.

"बरं झालं," दादा बशीत चहा ओतत म्हणाला. "पोरीच्या नावाला धक्का न्हाई लागला."

मी म्हटलं, "आणि सतरा तारखेला गावात शाळेत लस आहे. कावेरीचं काय?"

कावेरी, त्याची धाकटी. नववीत. सरकारी मोहिमेत चौदा पूर्ण झालेल्या मुलींना एकच डोस देतात, फुकट. पण पंधराव्या वाढदिवसाच्या आत. कावेरीला वीस तारखेला पंधरा पूर्ण होतात. म्हणजे सतरा नाही तर संपलं.

"न्हाई घ्यायची."

"का?"

"ती रांगेत दिसली की लोक जोडणारच. थोरलीचं मोडलं कशानं आन् धाकटी चालली कशाला. जमवलेलं सगळं इसकटंल."

"मग मी पंधरानंतर इथं डॉक्टरकडे नेते."

"तू तिला कुठंच न्यायची न्हाईस." बशी खाली ठेवली. "एकीला पाठवलं तुझ्याकडं, बास झालं."

बाहेर चप्पल घालताना आईनं शिकवल्यासारखं म्हणाला, "येतो गं, मंजू." मी "ये" म्हणाले. म्हणाले खरं!

एका खोट्याची इज्जत राखायला आता दुसऱ्या मुलीची लस बुडवायची. वा रे हिशेब!

९ एप्रिल

राजेश्रीवहिनीचा फोन. दादा शेतात गेल्यावरच करते. "मंजूताई, कावेरी लय रडायली. वर्गातल्या समद्या इचारायल्यात, तुझं नाव हाय का म्हणून."

"तू बोल ना दादाशी, वहिनी."

"मी काय बोलू? बैठकीला मला कुणी नेलं व्हतं? मोडली ते बी मला शेजारणीकडून कळालं."

मुलीची आई! शेजारणीकडून!

१० एप्रिल

आज खरी गोष्ट कळली. सहा तारखेपासून मी एकाच माणसाच्या सांगण्यावर बसले होते. नव्या वार्ताहरानं असं केलं असतं तर कॉपी परत पाठवली असती.

ईश्वरी भाजी निवडत होती. मी सहज म्हणाले, त्या लोकांना लसीचं कळलं तरी कसं?

"मीच सांगितलं हरिओमला. सुपारीनंतर लगेच. ते चांगलं म्हणाले होते."

"मग?"

तिनं पुढची शेंग मोडली. "मग मागच्या महिन्यात मी म्हटलं, तुम्ही पण घ्या. मुलांना पण देतात. दोघांचं झालेलं बरं."

"आणि?"

"आधी हसले. मग म्हणाले, माझ्यावर संशय हाय का तुझा? मी म्हटलं, संशय कशाचा, मी घेतली तेव्हा तुम्ही घेतला का माझ्यावर? मग फोनच नाही आला. मग त्यांच्या आईचा आला."

कमलबाईंचा. ईश्वरीनं त्यांचा आवाज काढून दाखवला — हसून नव्हे, जसाच्या तसा. "आमच्या पोराला सुई? आमचा पोरगा काय तसला हाय व्हय गं? तुला झाली, तुझ्यापाशी ठिव! लगीन व्हायच्या आदी नवऱ्याला अक्कल शिकवायली!"

म्हणजे लस घेतली म्हणून मोडलीच नाही! मुलीनं घेतली, ते चाललं. मुलाला घे म्हणाली, ते नाही चाललं. मुलीच्या अंगात रोग यायची वाट असते, मुलाच्या अंगात नसते! हा विषाणू बायकांकडे काय आभाळातून पडतो?

"बाबांना माहीत आहे?"

"आहे. त्यांनी मलाच विचारलं, तोंड उघडायची काय गरज होती."

दादाला माहीत होतं. माहीत असून मला म्हणाला, तुझ्या लसीनं मोडली.

"आत्या, पण तू कुणाला सांगायचं नाही. तू सांगितलंस की बातमी होते. मला बातमी नाही व्हायचं."

शब्द दिला. बेलभंडाऱ्याशिवाय.

१२ एप्रिल, रविवार

गावाकडे जाऊन आले. गंगाखेडपर्यंत एसटीत उभी, पुढं जीपमध्ये अर्धी बसून. ऊन नुसतं भाजत होतं.

अंगणात चप्पल काढते तोवर शेजारच्या पार्वतीबाई हजर. मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेली बाई. जवळ ओढून कानात, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं :

"पत्रिका-बित्रिका कायी न्हाई माय. पत्रिका कवा न्हाई जुळली? दोन पैशे टाकले की जुळती. ती सुई टोचली की पोरीची कूस बंद व्हती म्हणं. पोरावाल्यायला डाक्टरनं सांगितलं. म्हणून मोडली."

"कोण म्हणालं असं?"

"समदेच म्हणायलेत. आमच्या सूनबाईनं तर सांगून टाकलं शाळंत, आमच्या पोरीला नगं."

खोटं! साफ खोटं. लसीचा आणि मूल होण्याचा काहीएक संबंध नाही. मी तिथंच सांगितलं, सावकाश, दोनदा. पार्वतीबाई माझ्याकडे दयेनं बघत होत्या. "तू तर म्हणशीलच. तूच दिली न्हवं."

बघा! पुरुषांनी बसून एक पोकळ कारण काढलं. पत्रिका हे कारण कुणी खरं मानत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. लोकांनी त्या पोकळीत स्वतःचं कारण भरलं. इज्जत वाचवायला निघाले आणि पोर वांझ ठरवून आले.

दादाला गोठ्याशी गाठलं.

"ऐकलंस गाव काय म्हणतंय?"

"म्हणू दे. चार रोज म्हणतील."

"तुझ्या मुलीला वांझ म्हणतात, दादा! उद्या दुसरं स्थळ येईल का? आणि गावातल्या बाया शाळेत नकार कळवायला लागल्यात. तुझी कावेरी नाही म्हटल्यावर कुणाची येणार? सगळं गाव तुझ्याकडे बघून चालतं."

"मंग काय करू? भंडारा उचललाय मी."

"खरं सांग. मुलाला लस घे म्हणाली म्हणून मोडली, एवढं सांग. त्यात लाजायचं काय?"

तो एकदम माझ्यावर आला. "लाजायचं काय? पोरगी व्हनाऱ्या नवऱ्याला असलं बोलती, हे मी चावडीवर सांगू? तू शिकवलं तिला. तू! पेपरात लिवून लिवून तुझी लाज गेली, तिची बी घालवली!"

वहिनी ओसरीवर डोक्यावरचा पदर धरून उभी होती. कावेरी तिच्या मागं. दोघी खाली बघत होत्या. म्हैस मात्र सारखी माझ्याकडे बघत होती.

पहिल्यांदा माझा आवाज चढला. काय बोलले ते इथंही लिहीत नाही.

१३ एप्रिल

अफवेवर बातमी लिहिली. नाव नाही, गाव नाही. लसीनं वंध्यत्व येत नाही, हे तज्ज्ञांच्या तोंडून, सरळ. डेस्कवरून फोन : "ताई, मोहीम चालू असताना नकारात्मक नको. उत्स्फूर्त प्रतिसाद असं काही असेल तर बघा."

उत्स्फूर्त प्रतिसाद! पाठवते की. गावातल्या सगळ्या आया उत्स्फूर्तपणे नाही म्हणतायत.

१४ एप्रिल

सुट्टी. वहिनीच्या फोनवरून कावेरीचा मेसेज. "आत्या, लस दुखते का?"

तासभर फोन हातात धरून बसले. मग लिहिलं, "मुंगी चावल्याएवढी."

१५ एप्रिल

ऑफिसात विष्णुपंत आले! गावचे जोशी. आमच्या घरातल्या सगळ्या पत्रिका त्यांनीच मांडलेल्या, माझी धरून. उपरणं खांद्यावर, कपाळ घामानं चकाकत होतं. खुर्ची दिली तर बसेनात.

"मंजुषा, खुलासा छाप."

"कसला खुलासा, काका?"

"पत्रिका जुळली नाही म्हणे! कुणी बघितली? मी! छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण. नाडी वेगळी, मंगळ नाही, ग्रहमैत्री उत्तम. सुपारी मीच फोडली. आणि आज गाव मला विचारतंय, पंत, तेव्हा डोळे मिटले होते का? सोनपेठचं स्थळ परत गेलं माझ्याकडून. म्हणाले, तुमचं गणित चुकतं."

"काका, ते नुसतं सांगायचं कारण आहे."

"मग दुसरं सांगा! हुंडा सांगा, पोराची तब्येत सांगा, काय वाटेल ते सांगा. माझं शास्त्र का बदनाम करता?"

मला हसू येत होतं आणि संताप तर होताच. त्यांना म्हटलं, असला खुलासा पेपरात छापता येत नाही.

"नाही ना? ठीक. मला भंडारा कुणी उचलायला लावलेला नाही." आणि गेले.

संध्याकाळी वहिनीचा फोन. पंतांनी मारुतीच्या पारावर पंचांग उघडून जाहीर केलं : पत्रिका जुळली होती. मोडायचं कारण दुसरंच आहे, ज्याला हवं त्यानं व्यंकटरावाला विचारावं.

आता लोक म्हणतायत — बघा, म्हणजे कुशीचंच खरं!

पंतांची इज्जत वाचली. आमच्या पोरीची पार गेली. परवा लस. कावेरीचं नाव अजून नाही.

ईश्वरीला सांगितलं. तिनं ऐकलं, चष्मा पुसला आणि आईला फोन लावला. दार लोटून घेतलं. बाहेर एवढंच ऐकू आलं : "आई, आता तू सांग. तुला कुणी नाही म्हटलंय का?"

१६ एप्रिल

वहिनीचा फोन भर दुपारी. दादा घरी असताना! आणि हसत होती. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा तिला असं हसताना ऐकलं.

सकाळी हापशावर गेली. बायांची गर्दी. घागर खाली ठेवली आणि म्हणाली — वहिनीच्याच शब्दांत लिहिते :

"आयका गं. माझ्या पोरीच्या कुशीला कायी झालं न्हाई. लस तिनं घेतली, ते त्यांना ठाव व्हतं. तवा कायी न्हाई म्हणले. माझी पोर म्हणली, तुमी बी घ्या. तर मानवतचे जवाईबापू सुईला भ्याले! म्हणून मोडली."

म्हणे एक क्षण कुणी हापसलंही नाही. मग पार्वतीबाई म्हणाल्या, "अग बया, येवढा मोठा गडी सुईला भ्याला?" आणि मग जे हसू फुटलं! दुपारपर्यंत गावभर. एसटी थांब्यावर पोरं एकमेकांना म्हणायलेत, सुईला भेतो का रं? तुझं लगीन न्हाई होणार!

"आणि दादा?"

"ते आले तापून. म्हणले, माझा शब्द मोडला तू. मी म्हणलं, शब्द तुमी दिला. बैठकीला बाई एक तरी व्हती का? भंडारा बायांनी उचललाच न्हाई. तुमाला वाटलं, बाया कशाला लागतात. आता भोगा."

"मग?"

"मग कायी न्हाई. तोंड धुतलं. जेवले. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली."

सगळ्या पुरुषांना बांधून घेतलं आणि बायका विसरले! विसरले कसले, मोजल्याच नव्हत्या.

आनंद झाला. खूप झाला. आणि तरी जळजळ जात नाही. पोरीला वांझ म्हणाले तेव्हा कुणी हसलं नाही, सगळ्यांनी मान डोलावली. पोरगा सुईला घाबरला म्हणताच गाव लोटपोट! खरं बोलणं पुरलं नाही, त्याची चेष्टा करावी लागली. तीही आईनं, पाणी भरायच्या जागी. इकडे माझ्या दोन बातम्या रद्दीत गेल्या, तिसरी छापलीच नाही.

ईश्वरीला विचारलं, बातमी झालीस की गं. म्हणाली, "आईनं केली. ते वेगळं."

१७ एप्रिल, शुक्रवार

दादाचा फोन, शाळेतून. कावेरीला लस दिली. बाप स्वतः घेऊन गेला. म्हणाला, "आता लपवायचं काय राह्यलंय?" सिस्टरनंही फोनवर येऊन खात्री दिली — अर्धा तास बसवून ठेवलं, काही त्रास नाही.

मी रडायला लागणार तेवढ्यात म्हणाला, "मंजू, दुसरं कुणी आलंच न्हाई. सकाळपासून माझी एकटीच हाय. बाया पाठवायला तयार हायेत. गडी न्हाई म्हणायलेत. म्हणतेत, आज पोरीला सुई दिली तर उद्या त्या आमाला सांगतील, तुमी बी घ्या."

सिस्टर पाचपर्यंत थांबणार आहे. दादा एकेकाच्या घरी निघालाय.